धर्म सोडायचाय म्हणजे नक्की काय काय सोडायचंय?

महिन्यातून एखादा तरी मेसेज येतोच, "ताई माझा देवावरचा विश्वास पूर्ण उडालाय, आता पुढची प्रोसेस काय असते?" जसं काही गॅसचं कनेक्शन सरेंडर करायचंय, फॉर्म भरा, डिपॉझिट परत घ्या, झालं. मी मूळची सांगलीची, घरात दर गुरुवारी दत्ताची आरती, स्वतः सोळा सोमवार केलेली बाई, आणि तिशीच्या आसपास कधीतरी हे सगळं माझ्यातून निघून गेलं, नक्की कुठल्या दिवशी ते मलाही सांगता यायचं नाही. गेल्या बारा-तेरा वर्षांत ज्या चुका केल्या आणि कायद्याचं जे काय वाचून-विचारून कळलं ते एकदाच इथे लिहून ठेवते, म्हणजे दरवेळी टाइप करायला नको.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. धर्म सोडणं ही एक गोष्ट नाहीये, चार आहेत. मनातली श्रद्धा एक, रोजचा आचार म्हणजे पूजा-उपास-नमाज-मिस्सा दुसरं, तिसरी माणसं म्हणजे जात, भावकी, जमात, आणि चौथा कागद. यातलं एक सोडलं म्हणून बाकीची तीन सुटत नाहीत आणि बहुतेकांना चारही सोडायची नसतातच, पण रागाच्या भरात चारही एकदम उपटायला जातात आणि मग सणासुदीला घरात रामायण. तर पहिलं काम हे की कागद घ्या आणि आपल्याला यातलं नेमकं काय सोडायचंय ते लिहा. हसू नका, खरंच लिहा. मी लिहिलं तेव्हा कळलं की मला श्रद्धा नाही, उपास नको, पण माणसं हवीत, आणि कागदाचं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

आपल्याकडे हे एवढं गुंतागुंतीचं का आहे ते शब्दांवरूनच कळतं. धर्मत्याग हा पुस्तकी शब्द, कुणी बोलताना वापरत नाही. बोलण्यातला शब्द "बाटला". आणि बाटण्याचा विचारांशी काही संबंध नव्हता, खाण्यापिण्याशी होता. वसई-गोव्याकडे जुनी माणसं सांगायची की विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायल्यामुळे अख्खं गाव बाटलं. आता खरं किती आणि दंतकथा किती ते सोडा, पण मुद्दा बघा, पाणी पिणाऱ्याच्या मनात काय होतं हे कुणी विचारलंच नाही. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला, पण नावं छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. एक कप चहा! आणि उलट बाजूने बघितलं तर देव न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिक दर्शनांत मोजले जातात, कारण मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा, देव न मानणारा नव्हे. म्हणजे काहीही न मानता आत राहता यायचं आणि सगळं मानूनही चहामुळे बाहेर पडायला व्हायचं.

अजून एक मजा सांगते, घटस्फोट हा शब्द. आज आपण नवराबायकोसाठी वापरतो पण धर्मशास्त्रात तो जातीबाहेर टाकण्याचा विधी होता. पतित झालेल्या माणसाच्या नावाने नातेवाईक गावाबाहेर जमायचे, पाण्याने भरलेला घडा दासीने लाथेने उलथवायचा, आणि त्या दिवसापासून तो माणूस नातेवाइकांपुरता मेला. जिवंतपणी मेला. आगरकरांची तर पुण्यातल्या सनातन्यांनी ते हयात असताना प्रेतयात्राच काढली होती. त्यामुळे आई जेव्हा म्हणते "तू आम्हाला मेलीस" तेव्हा ती चिडून काहीतरी बोलत नसते, फार जुनं काहीतरी तिच्या तोंडून बोलत असतं. मला हे कळल्यावर माझा राग निम्मा झाला.

इस्लाम आणि ख्रिश्चन धर्मात गोष्ट उलट आहे, तिथे कबुलीला महत्त्व. सोडणाऱ्याला मुर्तद असा नेमका शब्दच आहे, आणि काफिर वेगळा, मुर्तद वेगळा, आपल्याकडे टीव्हीवर सरसकट गल्लत करतात. कॅथलिक चर्चच्या कायद्यात तर तीन प्रकार वेगवेगळे दिलेत, एखादं मत नाकारणं म्हणजे पाखंड, पोपशी फारकत म्हणजे फूट, आणि श्रद्धा पूर्णपणे टाकणं म्हणजे धर्मत्याग. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं, बाप्तिस्मा घेतलेला माणूस घरात लपून जुने विधी करताना सापडला की खटला. म्हणजे सोडणं हा तिथे गुन्हाच होता.

वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांसाठी सरळ माहिती: बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधली नोंद खोडत नाहीत, ती घडलेल्या घटनेची नोंद आहे असं चर्चचं म्हणणं. तुम्ही फादरना किंवा बिशपना लेखी कळवू शकता, फार तर बाजूला शेरा पडेल. परिणाम कुठे दिसेल तर चर्चमधलं लग्न, कुणाचे गॉडपॅरेंट होणं आणि चर्चच्या दफनभूमीतली जागा. बरेच जण याच तिसऱ्या कारणासाठी गप्प बसतात, आजी-आजोबा तिथे आहेत ना. आणि जर्मनीला नोकरीला जाणाऱ्यांनो, तिथे पत्ता नोंदवताना धर्म विचारतात, कॅथलिक लिहिलंत की पगारातून चर्च टॅक्स कापला जातो, इन्कम टॅक्सच्या ८ किंवा ९ टक्के. तिथे चर्च सोडायचं तर फादरकडे नाही, सरकारी ऑफिसात जाऊन सही करावी लागते.

आता कागद, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

भारतात कुठल्याही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करता येत नाही. २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे एक केस आली होती, काही जणांना राजपत्रात "धर्म नाही" अशी नोंद हवी होती आणि सरकारी मुद्रणालयाने नाही म्हटलं होतं. गंमत म्हणजे ते नास्तिक नव्हतेच, येशूला मानणारे होते, फक्त आमचा कुठला धर्म नाही म्हणत होते. कोर्टाने सांगितलं की संविधानाच्या २५ व्या कलमातल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात मला धर्म नाही असं म्हणायचा हक्कही येतो आणि सरकारने कुणाला धर्म सांगायला भाग पाडू नये. तर राजपत्रात जाहिरात द्यायची असेल तर महाराष्ट्रात नावबदल आणि जन्मतारखेसारखीच धर्मबदलाची पण सोय आहे, ऑनलाइन अर्ज होतो. क्लार्क "असं कसं, काहीतरी लिहा" म्हणाला तर त्या निकालाची प्रिंट पुढे करा. माझ्या मुलीच्या अॅडमिशनला शाळेतल्या बाईंनी मी मोकळी ठेवलेली जागा माझ्यासमोरच पेनाने भरून टाकली, "तसं चालत नाही हो" म्हणत. मी तेव्हा गप्प बसले, तुम्ही बसू नका.

पण, आणि हा मोठा पण आहे, राजपत्रात नोंद झाली म्हणून वारसाहक्काचा कायदा बदलत नाही. हिंदू विवाह कायद्यात आणि हिंदू वारसा कायद्यात हिंदूची व्याख्या अशी केलीये की जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही तो ढोबळमानाने या कायद्याखाली येतो. म्हणजे हिंदू घरात जन्मलेला कट्टर नास्तिक कायद्याच्या नजरेत हिंदूच. हे कळल्यावर काही जण फार चिडतात पण व्यवहारात याचा फायदाच आहे, नास्तिक झालात म्हणून वडिलांच्या शेतातला वाटा जात नाही, भाऊ काहीही सांगू दे. दुसऱ्या धर्मात गेलात तरी तुमचा स्वतःचा हक्क जात नाही, मात्र धर्मांतरानंतर झालेली तुमची मुलं त्या वेळी हिंदू नसतील तर हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत त्यांना हक्क राहत नाही. आणि जोडीदाराने दुसरा धर्म घेतला तर हिंदू विवाह कायद्यात ते घटस्फोटाचं कारण होतं, नुसती श्रद्धा गेली तर नाही. हा फरक लक्षात ठेवा, सोडणं आणि बदलणं कायद्यात एक नाही.

मुस्लिम घरातल्यांची गोष्ट अवघड आहे. पर्सनल लॉमध्ये धर्म सोडणाऱ्याला वारसा मिळत नाही अशी जुनी भूमिका आहे. केरळमधल्या एका बाईंनी सुप्रीम कोर्टात मागणी केलीये की मी श्रद्धा सोडली आहे तर मला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू करा, २०२४ मध्ये कोर्टाने ते ऐकायला घेतलं. निकाल लागेस्तोवर मालमत्तेचा प्रश्न असेल तर आधी वकील गाठा, मग जाहीर करा, उलटं नको. बायकांच्या बाबतीत एक इतिहास माहीत असावा. ब्रिटिश काळात नवरा सोडत नाही म्हणून काही मुस्लिम बायका चक्क धर्म सोडायच्या, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो असं कोर्ट मानायचं. मग १९३९ चा कायदा आला, त्यात बाईला घटस्फोट मागायची कारणं दिली आणि सोबत लिहिलं की नुसता धर्म सोडल्याने आता लग्न तुटणार नाही. एक दार उघडलं, एक लावलं.

जातीचा दाखला असेल त्यांनी तर घाईच करू नका. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच आहे. कागदावर "धर्म नाही" लिहून पुढे व्हॅलिडिटीच्या वेळी डोक्याला हात लावून बसायची वेळ येऊ शकते. मनातून काय मानायचं ते माना, कागदाला हात लावण्याआधी जाणकाराला विचारा. इथे कुणी तुम्हाला ढोंगी म्हटलं तर त्याला म्हणावं तू आधी तुझा दाखला दाखव.

लग्न करायचं असेल तर स्पेशल मॅरेज अॅक्ट, १९५४. तीस दिवस आधी नोटीस, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य, तीन साक्षीदार, भटजी-काझी-फादर कुणी लागत नाही. याचा आजोबा म्हणजे १८७२ चा कायदा, त्यात अट होती की दोघांनी लिहून द्यायचं, मी हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी वगैरे कुठलाच धर्म मानत नाही. म्हणजे प्रेमासाठी सरकारी कागदावर धर्म सोडायचा. आता तशी अट नाही. सत्यशोधक पद्धत पण छान आहे, १८७३ पासून चालत आलीये, पण ती केलीत तरी रजिस्ट्रेशन नीट करून घ्या.

आणि जनगणना. २०११ ला देशभरातून जेमतेम तेहतीस हजार लोकांची नास्तिक म्हणून नोंद झाली, त्यातले साडेनऊ हजारांच्या वर महाराष्ट्रातले. मला तो आकडा वाचून हसूच आलं, एवढे तर मी एकटीच ओळखत असेन असं वाटतं कधीकधी. कारण सोपं आहे, प्रगणक दारात येतो, आडनाव बघतो आणि धर्म स्वतःच टाकतो. २०२७ ला तो येईल तेव्हा दारात काय सांगायचं ते घरातल्यांना आधी सांगून ठेवा.

आता घर

हे सगळ्यात अवघड आणि याचा फॉर्म नाही. माझी चूक सांगते. लग्नानंतर चौथं वर्ष, गौरी आवाहनाचा दिवस. आमच्या सासरी गेटपासून देवघरापर्यंत पावलं काढतात, तांदळाच्या पिठात बुडवलेली मूठ फरशीवर टेकवायची आणि वर पाच बोटांचे टिपके, की झालं लहान बाळाचं पाऊल. ते सुनेनं काढायचं, मग गौर घेऊन येताना एकीने विचारायचं "गौर आली, कशाच्या पावलानं आली?" आणि दुसरीने म्हणायचं "सोन्याच्या पावलानं आली". मी त्या वर्षी नुकतंच सगळं वाचलेलं, डोक्यात तत्त्व पेटलेलं, मी सांगितलं आई मी काढणार नाही, मला हे पटत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची वाट लागलेली, तरी त्या वाटी घेऊन बाहेर गेल्या आणि गेटपासून वाकून वाकून एक एक पाऊल काढत आल्या, मध्ये जिन्याशी थांबून भिंत धरली, आणि मी हॉलमध्ये सोफ्यावर माझी तत्त्वं घेऊन बसलेली. विचारणारी पण त्याच आणि उत्तर देणारी पण त्याच.

देव नाही हे मला आजही तितकंच पटतं. पण त्या दिवशी मी देवाला नकार दिला नव्हता, गुडघे दुखणाऱ्या बाईला दिला होता. पुढच्या वर्षीपासून आमचा न लिहिलेला करार आहे. पावलं मी काढते, सोळा भाज्या मी निवडते, पुरण मीच वाटते कारण त्यांच्यापेक्षा माझं मऊ होतं. उपास करत नाही, पूजेला बसत नाही, वटपौर्णिमेला वडाला जात नाही, आणि पाळीच्या वेळी बाजूला बसणं तर अजिबात नाही, यावर एक वर्ष वाजलं, मग निवळलं. तुम्हाला हा करार पडखाऊ वाटेल, वाटू दे. तुमचा तुम्ही करा, पण सणाच्या दिवशी करू नका, सण संपल्यावर साध्या मंगळवारी चहा घेताना करा.

आणि हे पण बोलायला पाहिजे, पुरुष नास्तिक झाला की तो वाचणारा, अभ्यासू, आणि त्याच्या घरातला नैवेद्य बायको करत राहते. बाई नास्तिक झाली की स्वयंपाकघर बंद पडतं, म्हणून तिचं सोडणं लगेच दिसतं आणि तिच्यावरच सगळे तुटून पडतात. पुरुष वाचकांना विनंती, तुम्ही धर्म सोडलाय म्हणताय तर तुमच्या वाटची कामं कोण करतंय ते एकदा बघा.

कॉलेजात असाल आणि पैसा घरून येत असेल तर थांबा. खरंच थांबा. स्वतःची नोकरी, स्वतःची खोली झाल्यावर बोला, यात पळपुटेपणा नाही. आधी घरातल्या एकाच माणसाला सांगा, शक्यतो मावशी किंवा मोठी बहीण, आई-वडील पहिले नको. घरातले देव तुमच्या वाट्याला आले, कुळाचे टाक वगैरे, तर भंगारात नको, विकू पण नको, भावकीत जो पूजा करणार असेल त्याला द्या, त्याला ते हवे असतात. १९५६ साली नागपूरला दीक्षेनंतर कित्येक घरांतले देव्हारे रिकामे झाले, बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही प्रतिज्ञाच ते देव मानणार नाही अशा आहेत, पण ते सगळ्यांनी मिळून केलेलं होतं, वस्तीच्या वस्तीने. येवल्याच्या १९३५ च्या धर्मांतराच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी एकवीस वर्षं घेतली, बरं का. तुम्ही एकटे आहात, तुम्हाला दोन वर्षं लागली तर बिघडत नाही.

समाजाने त्रास दिला तर? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, २०१६ चा, जुलै २०१७ पासून लागू. जातपंचायतीने किंवा जमातीने वाळीत टाकलं, लग्नकार्यात यायला बंदी केली, मयताला खांदा देऊ दिला नाही तर तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मेसेज, ऑडिओ, पंचायतीची नोटीस सगळं सेव्ह करून ठेवा, तोंडी बोलण्याला पोलीस स्टेशनात वजन नसतं.

सोशल मीडियावर मात्र हात आखडता ठेवा. मी देव मानत नाही हे लिहिणं गुन्हा नाही, पण दुसऱ्याच्या श्रद्धेचा मुद्दाम अपमान केला म्हणून भारतीय न्याय संहितेच्या २९९ कलमाखाली तक्रार होऊ शकते, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि नुसता कायदाच नाही, दाभोलकरांना २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात सकाळी फिरायला गेलेले असताना गोळ्या घातल्या, आणि ते तर देवाविरुद्ध नाही, बुवाबाजीविरुद्ध बोलायचे. रत्नागिरी-रायगडची जी मुलं आखातात आहेत त्यांनी तर जुन्या पोस्टसुद्धा तपासा. सौदीत २०१४ च्या नियमांत नास्तिक विचार मांडणं थेट दहशतवादात धरलंय, तिथे मेसेंजरवर पण वाद घालू नका, सुट्टीला घरी आलात की बोला.

शेवटचं, मयत. हे आधी ठरवून ठेवलं नाही तर तुमचं काही चालणार नाही, कारण तुम्ही नसणार. हमीद दलवाईंनी मुस्लिम घरात जन्मून आपलं दफन न करता दहन करा, कुठलेही विधी नकोत असं सांगून ठेवलं होतं आणि १९७७ मध्ये तसंच झालं, पण सांगून ठेवलं होतं म्हणून झालं. देहदान करायचं तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात फॉर्म मिळतो. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत, डोळे साधारण सहा तासांच्या आत द्यावे लागतात, आणि फॉर्म कितीही भरलेला असला तरी त्या क्षणी घरच्यांनी फोन केला तरच गाडी येते. म्हणून घरच्यांना माहीत पाहिजे आणि पटलेलं पाहिजे.

माझ्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. नवरा दौऱ्यावर, म्हणून सासूबाईंना दिला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, सही केली, पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "देह देऊन टाक तुला द्यायचा तर. पण दहाव्याला कावळ्याला काय ठेवायचं ते सांगून ठेव, तुला पुरणपोळी आवडते ना?" मी म्हटलं आई, तुमच्यानंतर जाणार आहे मी. त्या म्हणाल्या, "ते आता तुझा देव ठरवणार का माझा?"